टी४४०पी मधे क्वाड-कोअर टाकायचाय: ३७ वॉटचा घ्यावा की ४७ वॉटचा, आणि मग गरम होण्याचं काय?

जुना थिंकपॅड टी४४०पी ज्याच्याकडे आहे त्याच्या डोक्यात हा विचार कधी ना कधी येतोच, की आतला ड्युअल-कोअर आय५ काढून क्वाड-कोअर आय७ टाकला तर? विचार चांगलाच आहे. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या हॅसवेल प्रोसेसरचा हा लॅपटॉप सॉकेटवाल्या शेवटच्या लॅपटॉपपैकी एक, म्हणजे प्रोसेसर बोर्डाला सोल्डर केलेला नाही, स्क्रू फिरवला की हातात येतो, आणि ह्या मॉडेलमधे कंपनीनेच क्वाड-कोअरचा पर्याय दिला होता त्यामुळे बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, नाही म्हणत नाही. प्रश्न पुढे सुरू होतो, कारण मोठी चिप बसवणं दहा मिनिटांचं काम आहे पण ती बसवल्यावर १०० डिग्रीला जाऊन वेग खाली पडणार असेल तर पैसे कशाला घातले असं होतं. म्हणून कुठली चिप आणि ती थंड कशी ठेवायची हे दोन्ही एकत्रच ठरवायला लागतं, वेगवेगळं ठरवलं की गडबड होते.

आधी एक इशारा. टी४४०पी म्हणजे शेवटी पी असलेला. नुसता टी४४० आणि टी४४०एस ह्यांच्यात यू सिरीजचे प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर केलेले असतात, तिथे हा विषयच नाही. आणि चिप घेताना नावाच्या शेवटची अक्षरं नीट बघा, एम आणि एमक्यू सॉकेटवाले, एचक्यू मात्र सोल्डरवाले. ४७०२एचक्यू आणि ४७०२एमक्यू नावात एका अक्षराचा फरक पण पहिली चिप तुमच्या सॉकेटमधे कधीच बसणार नाही. विक्रेत्याकडून चिपचा वरून काढलेला फोटो मागा आणि त्यावरचा एस-स्पेक, म्हणजे इंटेलचा ओळख-कोड, वाचा, ४७०२एमक्यूचा एसआर१५जे, ४७००एमक्यूचा एसआर१५एच, ४८००एमक्यूचा एसआर१५एल. चिपवर इंटेल कॉन्फिडेन्शियल छापलेलं असेल तर ती इंजिनिअरिंग सॅम्पल, स्वस्त मिळते पण मी तरी घेणार नाही, बायोस तिला ओळखेलच असं नसतं.

आता निवडीतल्या चिप्स एकदा समोर ठेवूया. टर्बो म्हणजे गरज पडली की चिप गाठते तो वरचा वेग, कॅश म्हणजे चिपच्या आतली छोटी वेगवान मेमरी.

| चिप | कोअर / थ्रेड | मूळ वेग ते टर्बो, गिगाहर्ट्झ | कॅश | वॉट |
|---|---|---|---|---|
| आय५-४३००एम | २ / ४ | २.६ ते ३.३ | ३ एमबी | ३७ |
| आय७-४६००एम | २ / ४ | २.९ ते ३.६ | ४ एमबी | ३७ |
| आय७-४७०२एमक्यू | ४ / ८ | २.२ ते ३.२ | ६ एमबी | ३७ |
| आय७-४७००एमक्यू | ४ / ८ | २.४ ते ३.४ | ६ एमबी | ४७ |
| आय७-४८००एमक्यू | ४ / ८ | २.७ ते ३.७ | ६ एमबी | ४७ |

ह्यांचेच थोडे नंतर आलेले भाऊ म्हणजे ४७१२एमक्यू, ४७१०एमक्यू आणि ४८१०एमक्यू, प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ जास्त, बाकी काही फरक नाही, तेव्हा जो स्वस्त मिळेल तो. ४९००एमक्यू मधे ८ एमबी कॅश आहे पण किंमत उगाच चढलेली असते, आणि ४९३०एमएक्स ५७ वॉटचा, ह्या लॅपटॉपच्या हीटसिंकला, म्हणजे चिपची उष्णता पंख्यापर्यंत नेणाऱ्या तांब्याच्या भागाला, तो झेपण्यातला नाही, त्याचा विचार सोडून द्या.

टेबलमधली एक गोष्ट लोक बघतच नाहीत. एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात ४७०२एमक्यू तुमच्या आत्ताच्या आय५ पेक्षा वेगवान नाही, ३.२ विरुद्ध ३.३, म्हणजे किंचित मागेच आहे. नुसतं ब्राउझर, वर्डमधे टायपिंग, टॅली, एखादा व्हिडिओ एवढंच काम असेल तर ३७ वॉटचा क्वाड टाकून फरक जाणवणार नाही आणि मग "एवढं करून काय मिळालं" असं वाटतं. फरक कुठे दिसतो तर व्हिडिओ एक्स्पोर्ट, कोड कंपाइल, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, ब्लेंडर, मोठी झिप फाइल, किंवा एका बाजूला मीटिंग चालू आणि दुसऱ्या बाजूला पंचवीस टॅब. तिथे चारही कोअर जुंपले जातात आणि काम जवळपास निम्म्या वेळात होतं.

आय७-४६००एम बद्दल दोनच वाक्यं. नावात आय७ असला तरी कोअर दोनच, आणि आय५ वरून त्यावर जाण्यात जो फरक आहे तो स्टॉपवॉच लावल्याशिवाय कळत नाही. फुकट मिळाला तर टाका, पैसे देऊन घेऊ नका.

३७ की ४७: खरा फरक कुठे आहे

वॉटचा आकडा म्हणजे सगळे कोअर सतत कामाला लागल्यावर चिप किती उष्णता बाहेर टाकेल ह्याचा कंपनीने आखलेला हिशोब, आणि कुलिंगवाल्याने तेवढ्याची सोय करावी अशी अपेक्षा. पण ती थोड्या वेळासाठी ओलांडायची मुभा असते. हॅसवेल मधे दोन मर्यादा असतात, सततची पीएल१ आणि थोड्या वेळापुरती पीएल२. ४७ वॉटच्या चिपला पीएल१ म्हणजे ४७ आणि पीएल२ त्याच्या सव्वापट, ५९ च्या जवळ, आणि सुरुवातीची साधारण २८ सेकंदं ती त्या वरच्या आकड्यापर्यंत जाऊ शकते, मग खाली येते. तुम्ही एक्स्पोर्ट बटण दाबलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात पंखा एकदम ओरडायला लागतो त्याचं कारण हेच.

टी४४०पीच्या साध्या, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मॉडेलमधे एकाच हीट पाइपचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या एकाच नळीचा, हीटसिंक येतो. ३७ वॉट तो व्यवस्थित वाहून नेतो. ४७ वॉट सतत दिले तर चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट ताजी असताना, एसीच्या खोलीत, तोही कसाबसा टिकतो, पण धूळ बसली की किंवा मे महिना आला की १०० डिग्रीची हद्द गाठतो, आणि शंभरला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करायला लागतो. म्हणजे ४८००एमक्यू घेतला, कागदावर चारही कोअर ३.५ वर चालायला हवेत, पण प्रत्यक्षात तो पाच मिनिटांनी २.८-२.९ वर येऊन बसलाय आणि लॅपटॉपचा डावा कोपरा हात ठेवता येणार नाही इतका तापलाय, असं होतं. तिकडे ४७०२एमक्यू चारही कोअर जास्तीत जास्त २.९ वर चालवतो आणि तो वेग किंवा त्याच्या थोडा खालचा वेग बिनतक्रार तासभर धरून ठेवतो. लांबच्या कामात दोघं एकाच रांगेत येतात. का, तर शेवटी वेग ठरवतो हीटसिंक, चिपवरचा आकडा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय सोपे होतात.

मग ४७ वाला घ्यायचाच कशाला? दोन कारणं आहेत आणि दोन्ही पक्की आहेत. एक म्हणजे छोट्या कामात, जिथे दहा-वीस सेकंदच जोर लागतो तिथे तो खरंच पुढे असतो. ४८००एमक्यू असेल तर एका कोअरवर ३.७ म्हणजे आय५ च्या ३.३ पेक्षा बरंच जास्त, त्यामुळे रोजच्या वापरातही चपळपणा जाणवतो जो ४७०२ देत नाही. दुसरं म्हणजे ४७ वॉटची मर्यादा तुम्हाला सॉफ्टवेअरमधून ३७ वर आणता येते, आणि ती आणली की लांबच्या कामात ती चिप ४७०२ सारखीच वागते. उलटं करता येत नाही, ४७०२ ला तुम्ही ३.७ वर नेऊ शकत नाही. शिवाय मला बाजारात दिसतं ते असं की ४७०२ आणि ४७१२ ला मागणी जास्त, मालही कमी, त्यामुळे बऱ्याचदा ४७००एमक्यू त्यांच्यापेक्षा स्वस्तात पडतो.

पण हे सगळं सॉफ्टवेअर रोज चालू राहण्यावर अवलंबून आहे. विंडोज पुन्हा टाकली, सेटिंग उडालं, भाचीला लॅपटॉप दिला आणि तिने "हे कसलं प्रोग्रॅम सारखं उघडतंय" म्हणून काढून टाकलं, की चिप परत ४७ वॉटवर. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉप तुम्ही स्वतः वापरणार आणि तुम्हाला अशा गोष्टीत हात घालायला आवडत असेल तर ४७ वॉटचा घ्या आणि त्याला लगाम घाला. आई-बाबांसाठी, ऑफिसच्या दुसऱ्या माणसासाठी किंवा विकायला तयार करत असाल तर ३७ वॉटचा टाका आणि विसरून जा.

चार्जरचं राहिलं. आय५ वाल्या मॉडेलबरोबर बहुतेक वेळा ६५ वॉटचा चार्जर आलेला असतो. ४७ वॉटचा प्रोसेसर ५९ पर्यंत उडी मारणार, वर स्क्रीन, एसएसडी, रॅम, आणि त्यातच बॅटरी चार्ज होत असेल, तर ६५ मधे हे बसत नाही हे शाळेतलं गणित आहे. मग लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग दाबतो आणि आपण उगाच पेस्टला दोष देत बसतो, तापमान ७० च आहे आणि तरी वेग पडतोय असं दिसलं तर आधी चार्जरवर संशय घ्या. ९० वॉटचा, चौकोनी पिवळ्या टोकाचा चार्जर घ्या, ३७ वॉटचा क्वाड टाकला तरी घ्या.

उघडल्यावर काय करायचं

ह्या मॉडेलचं उघडणं सुखाचं आहे. मागची बॅटरी काढा, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू सैल करा, झाकण सरकवून बाहेर, आणि पंखा-हीटसिंक समोरच. हीटसिंकचे स्क्रू एकदम एकेक पूर्ण काढू नका, थोडे थोडे कर्णरेषेत सैल करत जा, नाहीतर उघड्या चिपच्या कोपऱ्यावर सगळा दाब येतो, लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं टोपण नसतं. पेस्ट वाळून घट्ट झाली असेल तर हीटसिंक ओढू नका, पाच मिनिटं लॅपटॉप चालवून कोमट करा, बंद करा, मग हलकेच फिरवून सोडवा. सॉकेटच्या कडेला एक स्क्रू दिसेल, सपाट स्क्रूड्रायव्हरने अर्धा वळसा दिला की चिप सुटते, सरळ वर उचला. नवीन बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या खुणेशी जुळवा, चिप स्वतःच्या वजनाने खाली बसली पाहिजे, दाबायला लागली म्हणजे काहीतरी चुकतंय.

आता पंखा हीटसिंकपासून वेगळा करा आणि तांब्याच्या फिन्सकडे, म्हणजे हवा जाते त्या पातळ पट्ट्यांकडे, पंख्याच्या बाजूने बघा. बाहेरून जाळीतून सगळं स्वच्छ दिसतं पण आतल्या बाजूला, पंखा आणि फिन्स ह्यांच्यामधे, धूळ आणि केसांचा जाड नमदा बसलेला असतो आणि तो बाहेरून हवा मारून निघत नाही, उलट आणखी घट्ट होतो. तो चिमट्याने सोलून काढायचा. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने तो भयानक वेगात फिरतो आणि बेअरिंग जातं. चिप बदलायची नसेल तरी एवढं कराच. बऱ्याच लॅपटॉपना नुसतं एवढं केल्यावरच १०-१५ डिग्री उतरतात आणि मग अपग्रेडची घाई राहत नाही.

पेस्ट, पॅड की लिक्विड मेटल

साध्या पेस्टमधे आर्क्टिक एमएक्स-४ किंवा एमएक्स-६, नॉक्टुआ एनटी-एच१ किंवा एच२, ह्यातलं काहीही घ्या, भारतात मिळतात, चांगली चालतात. एकमेकांत दोन-तीन डिग्रीच्या पलीकडे फरक नाही. ओव्हरक्लॉकिंगवाले थर्मल ग्रिझली क्रायोनॉट सुचवतात, पहिल्या आठवड्यात आकडे सुंदर येतात, पण लॅपटॉपच्या उघड्या चिपवर सतत तापणं-गार होणं चालू असतं त्यात ती कडेला सरकत जाते आणि काही महिन्यांत तापमान परत चढतं. पातळ पेस्ट सगळ्यांचीच हळूहळू बाहेर सरकते, तिची थोडी लवकर सरकते एवढंच.

म्हणून लॅपटॉपसाठी मला आता हनीवेलचा पीटीएम७९५० हा पॅड सगळ्यात पटतो. खोलीच्या तापमानाला घट्ट पातळ पापुद्रा असतो, साधारण ४५ डिग्रीच्या वर गेला की मऊ होऊन चिप आणि तांबं ह्यांच्यातल्या बारीक खाचा भरतो. पहिल्या दिवशी आकडे सामान्य दिसतात म्हणून निराश होऊ नका, काही वेळा तापून गार झाला की तो नीट बसतो आणि त्यानंतर तसाच राहतो, सरकत नाही. किंमत पेस्टच्या ट्यूबपेक्षा जास्त, नकली माल पण खूप फिरतो, तेव्हा ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्या. लावताना पॅड अर्धा तास फ्रीजमधे ठेवा, मग दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म न फाटता निघते, आपल्याकडे उन्हाळ्यात हे केलं नाही तर पॅड फिल्मलाच चिकटून येतो आणि वाया जातो.

लिक्विड मेटल तापमान सगळ्यात जास्त उतरवतं, खोटं नाही. पण त्यात गॅलियम आहे, ते वीज वाहून नेतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं, एक थेंब चिपच्या शेजारच्या बारीक भागांवर गेला तर बोर्ड गेला. लॅपटॉप बॅगेत उभा-आडवा हलत असतो. ४७ वॉटसाठी एवढी जोखीम घ्यायची काहीच गरज नाही.

ह्याच पैशात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे हीटसिंकच बदलणं. टी४४०पीच्या काही मॉडेलमधे एनव्हीडियाचं वेगळं कार्ड असायचं आणि त्याला दोन हीट पाइपचा हीटसिंक यायचा. तो साध्या बोर्डवरही बसतो, कार्डाच्या जागेवरचा भाग नुसता अधांतरी राहतो. जुने पार्ट विकणाऱ्यांकडे पंख्यासकट मिळतो. तांबं जास्त, पाइप एक जास्त, त्यामुळे तापमान थोडं खाली येतंच, आणि मुख्य म्हणजे चढायला वेळ जास्त लागतो. ४७ वॉटची चिप घेणार असाल तर हा हीटसिंक मी जवळपास सक्तीचा धरतो, ३७ ला असला तर छान, नसला तरी अडत नाही.

सॉफ्टवेअरकडून: अंडरव्होल्ट, मर्यादा, की टर्बोच बंद

तीन रस्ते आहेत आणि लोक ते एकमेकांत गोंधळवतात.

टर्बो बंद करणं सगळ्यात सोपं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधे प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की हॅसवेलवर टर्बो बंद होतो. काही इन्स्टॉल करायला नको, तापमान धाडकन खाली. पण ४७०२ ला असं केलं की तो २.२ वर अडकतो, म्हणजे एका कोअरच्या कामात जुन्या आय५ पेक्षा एक तृतीयांश हळू, हे मला अजिबात मान्य नाही. रेल्वेत बॅटरीवर काम करताना तेवढ्यापुरतं ठीक.

पॉवर मर्यादा लावणं हा मधला आणि माझ्या मते कायमचा रस्ता. विंडोजवर थ्रॉटलस्टॉप ह्या प्रोग्रॅमच्या टीपीएल खिडकीत पीएल१ ला ३७ आणि पीएल२ ला ४५ च्या आसपास टाका. छोट्या कामाला पूर्ण टर्बो मिळतो, लांबच्या कामात चिप स्वतः वेग सांभाळून ३७ वॉटमधे राहते. ह्यात मशीन हँग होण्याची भीती नाही, कारण आपण व्होल्टेजला हात लावलेला नसतो. लिनक्सवर हेच काम कर्नलच्या पॉवरकॅपमधून होतं, दोन आकडे लिहायचे, ते मायक्रोवॉटमधे असतात म्हणून ३७ च्या पुढे सहा शून्यं, आणि बूटला चालणारी छोटी सर्व्हिस करून ठेवायची.

अंडरव्होल्टिंगमधे, म्हणजे चिपला ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज देण्यात, खरी मजा आहे. चिपची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे व्होल्टेज थोडंसं कमी केलं तरी तोच वेग कमी उष्णतेत मिळतो, आणि पॉवर मर्यादा लावलेली असेल तर त्याच ३७ वॉटमधे वेग वाढतो. म्हणजे मर्यादा आणि अंडरव्होल्ट दोन्ही एकत्र लावायचे, एकाला दुसऱ्याचा पर्याय समजू नका. हॅसवेलचं भाग्य असं की व्होल्टेज सांभाळणारी यंत्रणा चिपच्याच आत आहे आणि ती सॉफ्टवेअरमधून बदलता येते. पुढच्या पिढ्यांमधे डिसेंबर २०१९ ला प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेतली खोट बाहेर आली आणि त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोस अपडेटने हे कुलूपबंद करून टाकलं, ती भानगड सहाव्या पिढीपासून पुढच्या चिप्सची होती.

थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर खिडकीत कोअर आणि कॅश दोन्हींना सारखाच उणे आकडा द्यायचा, सुरुवात उणे ५० मिलीव्होल्टपासून. खालच्या कोपऱ्यात ओके च्या पर्यायात "डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस" निवडा, म्हणजे मशीन हँग झालं तरी रीस्टार्टला सगळं मूळ जागेवर. तासभर खरं काम करा, मग दहा-दहाने वाढवा. बहुतेक चिप्स उणे ६० ते ८० च्या मधे कुठेतरी थांबतात, तुमच्या मित्राची ९० वर चालते म्हणून तुमची चालेल असं नाही, प्रत्येक चिप वेगळी. जिथे पहिली कुरबुर दिसेल तिथून १० ते १५ मागे या आणि मग सेव्ह करा. कुरबुर फक्त जोराच्या कामात दिसते असं समजू नका, कित्येकदा स्ट्रेस टेस्ट छान पास होते आणि नुसतं यूट्यूब बघताना किंवा झोपेतून उठवताना स्क्रीन गोठते. लिनक्सवर इंटेल-अंडरव्होल्ट नावाचं टूल आहे, सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल लिहू देत नाही, तो बंद करावा लागतो. आणि सस्पेंडमधून उठल्यावर आकडे परत लावायची सोय करून ठेवा, नाहीतर सकाळी लावलेलं दुपारी गायब.

लिनक्सचं मी मुद्दाम सांगतोय, कारण विंडोज ११ चौथ्या पिढीला अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ह्या मशीनवर आता मिंट किंवा डेबियन टाकणारे बरेच आहेत आणि वर सांगितलेलं सगळं तिथे होतं. पंख्यासाठी तिथे थिंकफॅन, विंडोजवर टीपीफॅनकंट्रोल. कंपनीची पंख्याची पद्धत शांततेकडे झुकलेली आहे, तापमान बरंच चढल्यावर तो जागा होतो. ६५ च्या आसपासच त्याला मधल्या वेगावर आणला तर वरचं टोक येतच नाही. आवाज थोडा सतत राहतो पण एकदम भणभण होत नाही, मला हे जास्त बरं वाटतं.

टी४३० वाल्यांसाठी इथेच एक वेगळी गोष्ट. तिथेही ३५ वॉटचा आय७-३६३२क्यूएम आणि ४५ वॉटचा ३७४०क्यूएम अशीच जोडी आहे, पण तिसऱ्या पिढीत सॉफ्टवेअरमधून अंडरव्होल्ट होत नाही. पॉवर मर्यादा लावता येते, तेवढंच हत्यार हातात. त्यामुळे टी४४०पी ला मी ४७ कडे झुकतो तसा टी४३० ला झुकत नाही, तिथे सरळ ३५ वॉटचा घ्या.

आपल्या हवेचं गणित

परदेशातल्या लोकांचे आकडे वाचताना त्यांच्या खोलीचं तापमान २० ते २२ असतं हे लक्षात ठेवा. हीटसिंक खोलीच्या हवेच्या वर किती डिग्री ते ठरवतो, खोली जेवढी तापेल तेवढीच चिप वर जाते. २५ च्या खोलीत ८५ दिसणारी चिप ४० च्या खोलीत शंभरला टेकते, बाकी काहीही न बदलता. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे एप्रिल-मे मधे बाहेर ४५ असताना पंख्याखालच्या खोलीत ३८-४० सहज असतं. म्हणजे जानेवारीत "झकास चाललंय" म्हणून ४७ वॉटवर मोकळा सोडलेला लॅपटॉप एप्रिलमधे कण्हायला लागणार, हे ठरलेलं. टेस्ट थंडीत केली असेल तर १५ डिग्री मनातल्या मनात वर मिळवा आणि मग ठरवा. डेझर्ट कूलरच्या अगदी तोंडासमोर लॅपटॉप ठेवून तापमान छान उतरतं, पण ती हवा दमट असते आणि धूळ फिन्सवर चिखलासारखी चिकटते, जरा बाजूला ठेवा. कोकणात आणि मुंबईत तापमानाचा त्रास तेवढा नाही, तिथे दमटपणामुळे धूळ लवकर घट्ट होते, त्यामुळे वर्षातून एकदा उघडून साफ करायचंच.

विदर्भ-मराठवाड्यात असाल तर थ्रॉटलस्टॉपमधे चार प्रोफाइल मिळतात त्यांचा उपयोग करा. एक हिवाळ्याचं, पीएल१ ४२ पर्यंत. एक नेहमीचं, ३७. एक मार्च ते जूनसाठी, ३० ते ३२. ३७ वरून ३० वर आलं की वेग फार पडत नाही, कारण वरच्या शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झलाच सगळ्यात जास्त पॉवर लागते. एक्स्पोर्टला दहाच्या जागी अकरा मिनिटं लागतील, पण कीबोर्डवर बोटं ठेवता येतील.

टेस्ट कशाने करायची हेही महत्त्वाचं. प्राइम९५ मुद्दाम एव्हीएक्स२ च्या जड सूचनांनी चिपला जाळतो, तसं काम तुम्ही आयुष्यात करणार नाही, त्यात ९८ दिसलं म्हणून घाबरू नका. सिनेबेंच लागोपाठ पंधरा-वीस मिनिटं फिरवा किंवा तुमचा नेहमीचा एक्स्पोर्ट लावा, बाजूला हे आकडे दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, आणि नुसतं तापमान न बघता पॅकेज पॉवर आणि चारही कोअरचा वेग बघा. ८५ च्या आत स्थिर वेग मिळत असेल तर सोडून द्या, आणखी पाच डिग्रीच्या मागे लागू नका.

मग कोणी काय घ्यायचं

ब्राउझर-ऑफिसपुरताच वापर असेल तर काहीही घेऊ नका. साफसफाई, नवीन पेस्ट, हार्ड डिस्क अजून असेल तर एसएसडी, रॅम १६ जीबी. ह्या चार गोष्टींनी जो फरक पडतो तो कुठलाही प्रोसेसर देणार नाही.

कोडिंग, व्हर्च्युअल मशीन, अधूनमधून व्हिडिओ, आणि लॅपटॉप स्वतःचा: ४७००एमक्यू किंवा ४७१०एमक्यू, दोन पाइपचा हीटसिंक, पीटीएम७९५०, ९० वॉटचा चार्जर, पीएल१ ३७, अंडरव्होल्ट. ४८००एमक्यू थोड्याच जास्त पैशात मिळाला तर तो, कारण एका कोअरचा वेग ह्या मशीनवर रोज जाणवतो. पैसे कमी असतील तर आधी चिप आणि चार्जर, हीटसिंक नंतर, तोपर्यंत पीएल१ ३२ वर ठेवून काम भागतं.

लॅपटॉप दुसऱ्याच्या हातात जाणार असेल तर ४७०२एमक्यू किंवा ४७१२एमक्यू, चांगली पेस्ट, सॉफ्टवेअर काहीच नाही.

गेमिंगसाठी विचारत असाल तर थांबा, एचडी४६०० ग्राफिक्स सगळ्या चिप्समधे तेच आहे, प्रोसेसर बदलून गेम पळणार नाहीत, आणि ग्राफिक्स व प्रोसेसर एकाच पॉवर मर्यादेत वाटून घेतात त्यामुळे जास्त कोअर तापले तर ग्राफिक्सच्याच वाट्याला कमी येतं. ते पैसे जुना का होईना पण ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप घ्यायला ठेवा.

आणि काढलेला आय५ फेकू नका, अँटीस्टॅटिक पिशवीत नाव लिहून ठेवा. नवीन चिप टाकल्यावर मशीन सुरूच झालं नाही तर दोष चिपचा की सॉकेटचा की बोर्डाचा, हे तो परत लावून दोन मिनिटांत कळतं, आणि विक्रेत्याशी बोलताना तेवढा पुरावा पुरतो.